टपाल कर्मचाऱ्यांचा संप आणि परदेशातून येणारे पार्सल : छंद जोपासणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

परदेशातील एखाद्या लहान विक्रेत्याकडून रेल्वेच्या प्रतिकृतीचे सुटे भाग, जुन्या कॅमेऱ्याची फिल्म, दुर्मीळ बियाणे, टपाल तिकिटे किंवा फाउंटन पेनची निबे मागवणाऱ्या माणसाला टपाल संपाची झळ इतर ग्राहकांपेक्षा अधिक बसते. अशा वस्तू विकणारे बहुधा एकट्याने व्यवसाय करणारे असतात, आणि वस्तू हलकी व कमी किमतीची असल्यामुळे कुरिअरचा खर्च परवडत नाही. त्यामुळे त्यांची सारी भिस्त टपालावर असते. शिवाय हरवलेल्या वस्तूच्या जागी तशीच दुसरी मिळेल याची खात्री नसते, आणि पैसे परत मिळाले तरी कित्येक महिने शोधून सापडलेला तो एक भाग हातचा गेलेला असतो. म्हणून संपाची बातमी कानावर येताच दोन गोष्टी निश्चित कराव्यात : आपले पाकीट या घटकेला कोणाच्या ताब्यात आहे, आणि पैसे परत मागण्याची मुदत कोणत्या तारखेला संपते. पुढचे सर्व निर्णय या दोन उत्तरांवर ठरतात.

त्याआधी संप कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे, कारण प्रत्येक संपात टपाल पूर्ण थांबतेच असे नाही. कॅनडात १५ नोव्हेंबर २०२४ रोजी सुमारे ५५,००० टपाल कर्मचारी देशभर कामावरून दूर झाले आणि १७ डिसेंबरला काम पुन्हा सुरू होईपर्यंत पत्रांचे व पार्सलांचे वाटप बंद राहिले. त्याच देशात २०१८ मध्ये मात्र आज एका शहरात, उद्या दुसऱ्या शहरात असा फिरता संप झाला होता. ब्रिटनमध्ये २०२२ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात सुटे सुटे १८ दिवस संप झाला. प्रत्येक वेळी एकदोन दिवसच काम थांबत असे, पण साठलेले टपाल उपसण्याआधीच पुढचा संपाचा दिवस उजाडत असे. ओव्हरटाइम नाकारणे किंवा नियमानुसार काम करणे (नियमात आहे तेवढेच, त्यापलीकडे काही न करणे) या प्रकारांत कार्यालये उघडी दिसतात, टपाल सरकत असते, फक्त त्याची गती मंदावते. पूर्ण संपात नवी ऑर्डर थांबवणे शहाणपणाचे असते, तर फिरत्या संपात काही आठवड्यांचा उशीर गृहीत धरून ऑर्डर देता येते. बातमीच्या मथळ्यावरून हा फरक कळत नाही; त्यासाठी त्या देशाच्या टपाल खात्याची आणि कर्मचारी संघटनेची अधिकृत निवेदने वाचावीत, आणि तीही दोन्ही बाजूंची.

आता पाकीट कुठे आहे ते शोधू. आंतरराष्ट्रीय टपालाचा प्रवास तीन भागांत होतो : पाठवणाऱ्या देशातील टपाल खाते, मधली विमानवाहतूक (कधी तिसऱ्या देशातून), आणि पोहोचण्याच्या देशातील टपाल खाते, जिथे वाटपाआधी कस्टम्सची तपासणी होते. संप बहुधा यांपैकी एकाच भागात असतो, पण त्याचा परिणाम मागच्या भागांवरही होतो. जागतिक टपाल संघटनेच्या पद्धतीनुसार नोंद होणाऱ्या पाकिटाचा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो : सुरुवातीला दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी दोन अक्षरांचा देशसंकेत. शेवटची अक्षरे जेपी असतील तर पाकीट जपानच्या टपाल खात्याने स्वीकारले आहे, डीई असतील तर जर्मनीच्या, जीबी असतील तर ब्रिटनच्या. पहिले अक्षर आर असेल तर ते रजिस्टर्ड टपाल, सी असेल तर पार्सल, ई असेल तर द्रुतगती सेवा. विक्रेता एका देशातला आणि देशसंकेत भलत्याच देशाचा असेल, तर माल तिसऱ्या देशाच्या टपालामार्फत निघाला आहे असे समजावे आणि त्या तिसऱ्या देशात संप आहे का तेही पाहावे. एवढी एक गोष्ट तपासली तरी विनाकारण होणारी पुष्कळ घालमेल टळते.

ट्रॅकिंगमधली शेवटची नोंद नीट वाचणे हे यापुढचे काम आहे. पाकीट पाठवणाऱ्या देशाच्या आंतरराष्ट्रीय विनिमय कार्यालयातून (परदेशी टपाल जिथून रवाना होते त्या केंद्रातून) निघाल्याची नोंद आहे, पण आपल्या देशात पोहोचल्याची नाही, अशा अवस्थेत ते विमानतळावरच्या बंद थैलीत किंवा कंटेनरमध्ये असण्याची शक्यता सर्वाधिक असते. थैली उघडून प्रत्येक पाकीट स्कॅन झाल्याखेरीज नवी नोंद येत नाही. संपकाळात अशा पाकिटांची नोंद आठवडेच्या आठवडे तशीच राहते, आणि त्यावरून ते हरवले असा अर्थ काढणे योग्य नाही. याउलट ‘विक्रेत्याने माहिती दिली आहे, वस्तू अद्याप मिळालेली नाही’ अशा आशयाची नोंद असेल, तर पाकीट टपालात पडलेलेच नाही. त्या वेळी विक्रेत्याला नम्रपणे लिहून ते घरीच थांबवून ठेवण्यास सांगता येते, आणि बहुतेक विक्रेते हे आनंदाने मान्य करतात.

पाठवणाऱ्या देशात सर्व सुरळीत असूनही पाकीट तिथेच अडकू शकते. पोहोचण्याच्या देशात पूर्ण संप झाला की तिथले टपाल खाते इतर देशांना नवा माल पाठवू नका असे कळवते, आणि ते देश तिकडे जाणाऱ्या टपालाची स्वीकृती बंद करतात. कॅनडाच्या २०२४ च्या संपात अमेरिकेच्या टपाल खात्याने २९ नोव्हेंबरपासून कॅनडाकडे जाणारे टपाल घेणे थांबवले होते. अशा स्थगितीच्या काळात आधी स्वीकारलेले पाकीट विमानतळाजवळच्या केंद्रात धरून ठेवले जाते किंवा विक्रेत्याकडे परत जाते. म्हणून विक्रेत्याला आधीच विचारून ठेवावे : पाकीट परत आले तर तुम्ही ते संप मिटल्यावर पुन्हा पाठवाल का, आणि दुसऱ्यांदा लागणारा टपालखर्च कोण देईल? हे लेखी ठरलेले असले म्हणजे पुढे कटुता येत नाही.

पैशांच्या मुदतीबद्दल मात्र मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे, कारण संपाचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. संपामुळे टपाल थांबते, पण तक्रार करण्याची मुदत थांबत नाही. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर वस्तू न मिळाल्याची तक्रार पैसे दिल्यापासून १८० दिवसांच्या आत नोंदवावी लागते. ती नोंदवल्यावर २० दिवसांत पुढच्या टप्प्यावर नेली नाही तर आपोआप बंद होते, आणि एकदा बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. त्यामुळे घाईने तक्रार नोंदवून विक्रेत्याच्या विनंतीवरून ती मागे घेणे हे उशिराइतकेच धोक्याचे असते. इतर बाजारपेठांच्या मुदती याहून पुष्कळ लहान असू शकतात. काही ठिकाणी ठरावीक दिवस उलटले की वस्तू मिळाली असे गृहीत धरून पैसे विक्रेत्याला सुपूर्द केले जातात, आणि मुदतवाढ मागायची तर ती त्याआधीच मागावी लागते. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेची मुदत वेगळी असते. म्हणून संप सुरू होताच आपल्या सर्व चालू ऑर्डर एका कागदावर उतरवाव्यात आणि प्रत्येकीपुढे पैसे दिल्याची तारीख, ट्रॅकिंग क्रमांक, शेवटची नोंद आणि तक्रारीची अंतिम तारीख लिहावी. त्या अंतिम तारखेच्या आठवडाभर आधीची सूचना फोनमध्ये लावून ठेवावी. मुदत संपायला आली आणि पाकीट आलेले नसेल, तर विक्रेता कितीही सज्जन असला तरी तक्रार नोंदवावी, मात्र हे केवळ मुदतीसाठी करत आहोत असे त्याला आधी कळवावे. ‘संप आहे, थोडी वाट पाहा’ हे त्याचे म्हणणे प्रामाणिक असू शकते. तरीही मुदत टळल्यावर त्या प्रामाणिकपणाचा आपल्याला काही उपयोग होत नाही.

टपाल खात्याकडे तपासणीचा अर्जही करता येतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वस्तू टपालात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत तो स्वीकारला जातो, आणि तो सहसा पाठवणाऱ्याने करायचा असतो, कारण टपालाची पावती त्याच्याकडे असते. विक्रेत्याला त्या पावतीचे छायाचित्र पाठवण्याची विनंती करून ते जपून ठेवावे. संप चालू असताना अर्ज केल्याने पाकीट लवकर येत नाही. तो संप मिटून साठा उपसला गेल्यावर, पण सहा महिने पुरे होण्याआधी करावा.

नवी ऑर्डर द्यायची की नाही, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : पूर्ण संपाच्या काळात एकमेव, पुन्हा न मिळणारी वस्तू टपालाने मागवू नये. पैसे देऊन वस्तू विक्रेत्याकडेच राखून ठेवावी आणि संप मिटल्यावर पाठवायला सांगावे. तक्रारीची मुदत मात्र पैसे दिल्यापासून मोजली जाते, म्हणून फार काळ राखून ठेवायची असेल तर आधी थोडी रक्कम आणि बाकीची पाठवण्याच्या वेळी, असे ठरवणे अधिक सुरक्षित असते. ओळखीचे चारपाच छंदी मिळून एकत्र ऑर्डर देत असाल तर कुरिअरचा खर्च विभागला जातो आणि तो मार्गही परवडू शकतो.

कुरिअर निवडताना सेवेच्या नावाकडे बारकाईने पाहावे. मोठ्या कुरिअर कंपन्यांच्या स्वस्त सेवांमध्ये शेवटचा टप्पा बऱ्याचदा स्थानिक टपाल खात्याकडे सोपवला जातो. अशी सेवा घेतली तर जादा पैसे देऊनही पाकीट संपातच अडकते. घरपोच वाटप शेवटपर्यंत कंपनीच करणार आहे ना, हे विक्रेत्याकडून खात्रीने विचारून घ्यावे. कुरिअर कंपनी कस्टम्सची कामे स्वतः करते आणि आयातशुल्काव्यतिरिक्त त्या कामाचे वेगळे शुल्क आकारते, जे लहान पार्सलच्या बाबतीत वस्तूच्या किमतीच्या मानाने मोठे वाटू शकते. सुट्या लिथियम बॅटऱ्या, स्प्रेचे डबे आणि ज्वलनशील पातळक (थिनर) असलेले रंग यांवर विमानाने पाठवताना कडक निर्बंध असतात, तेव्हा प्रतिकृती बनवणाऱ्यांनी रंग आणि सांगाडे एकाच पार्सलमध्ये मागवू नयेत. एका डबीपायी सगळेच पार्सल अडते. घाईगडबडीत मार्ग बदलला जातो तेव्हा कस्टम्सचे घोषणापत्र हमखास अपुरे भरले जाते. ‘छंदाचे साहित्य’ एवढेच लिहिण्याऐवजी वस्तू काय आहे, कशाची बनली आहे, किती आहेत आणि खरी किंमत काय, हे त्यावर असावे. किंमत कमी दाखवण्याची विनंती कधीही करू नये. ते बेकायदा तर आहेच, शिवाय पार्सल हरवल्यास भरपाई त्याच कमी किमतीवर ठरते.

काही वस्तूंना वाट पाहणे सोसत नाही. रोपे, कंद आणि जिवंत कलमे बंद थैलीत आठवडाभरातच कुजू लागतात. बियाणे अधिक टिकते, पण उष्णतेत आणि दमटपणात त्याची उगवणक्षमता घटते, आणि त्यासोबतच्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राला वेळेची मर्यादा असू शकते. न धुतलेल्या फिल्मला उष्णतेचा त्रास होतो, व्हिनाइलच्या तबकड्या उन्हात राहिल्या तर वाकतात, आणि टपाल तिकिटांचा गोंद दमट हवेत चिकटतो. अशा वस्तू संपाच्या इशाऱ्यापासूनच थांबवाव्यात. बहुतेक देशांत संपाआधी सूचना द्यावी लागते, आणि तेवढ्या अवधीत विक्रेत्याला एक संदेश नक्की पाठवता येतो.

प्रत्येक उशिराचे खापर संपावर फोडण्याआधी इतर कारणेही पाहावीत. ब्रिटनमध्ये २०२२ च्या संपांपाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये रॉयल मेलच्या परदेशी टपालव्यवस्थेवर सायबर हल्ला झाला आणि काही काळ देशाबाहेर पार्सले पाठवताच येत नव्हती. फिनलंडमध्ये नोव्हेंबर २०१९ मधील टपाल संपाला इतर संघटनांनी पाठिंबा दिला, तेव्हा विमानसेवाही विस्कळीत झाली. कारण वेगळे असेल तर वाट पाहण्याचा अंदाजही बदलतो.

संप मिटल्याची बातमी आली म्हणजे पाकीट उद्या दारात येईल असे नाही. आधी साठलेला माल उपसावा लागतो, आणि भरून उभ्या राहिलेल्या ट्रेलरमध्ये सर्वांत आधी आलेली पाकिटे सर्वांत आत असतात. त्यामुळे नंतर मागवलेली वस्तू आधी आणि आधीची नंतर, असे सर्रास घडते. या काळात टपाल कार्यालयात पार्सल आल्याच्या चिठ्ठ्या उशिरा मिळतात, आणि नेण्याची मुदत त्यावरच्या तारखेवरून मोजली जात असेल तर पार्सल परत जाण्याचा धोका असतो. म्हणून चिठ्ठीची वाट न पाहता ट्रॅकिंग रोज पाहावे. वाटप करणाऱ्या कर्मचाऱ्याला उशिराबद्दल जाब विचारू नये. त्याच्या मागण्यांशी आपण सहमत असू वा नसू, आपले पार्सल कुठल्या ट्रेलरमध्ये आहे हे त्याच्या हातात नसते.

पाकीट हाती आले की ते उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि शिक्क्यांसह वेष्टन जपावे. तिकीटसंग्राहकांना तर त्याचे मोल वेगळेच आहे : ब्रिटनमधील १९७१ चा टपाल संप सुमारे सात आठवडे चालला, त्याच काळात १५ फेब्रुवारीला दशमान चलनाची नवी तिकिटे आली, आणि संपामुळे उशीर झाल्याचा मजकूर छापलेली त्यांची प्रथम दिवस पाकिटे (नवे तिकीट निघण्याच्या दिवसासाठी काढलेली खास पाकिटे) आजही संग्रहांत जपलेली दिसतात.

तक्रारीतून पैसे परत मिळाल्यानंतर तीच वस्तू उशिराने दारात आली, तर विक्रेत्याला त्याच दिवशी कळवून पैसे पुन्हा पाठवावेत. लहान विक्रेत्याचा तो एका महिन्याचा नफा असू शकतो. पैसे पाठवण्याचा मार्ग त्यालाच विचारावा, कारण बंद झालेल्या व्यवहारावर पैसे परत भरण्याची सोय नसते आणि नवा व्यवहार करताना त्याला सेवाशुल्क पडते. ते शुल्क आपण रकमेत मिळवून द्यावे.