नव्या जलतरण तलावाच्या गिलाव्यावरील डाग आणि केशतडे : दुरुस्तीआधी दोष कसा ओळखावा

नव्या तलावात पहिल्यांदा पाणी भरले की घरातील प्रत्येक जण काठावर उभा राहून गिलावा न्याहाळत असतो, आणि दोन-तीन दिवसांत कोणाला तरी खोल भागात करडा ढग, भिंतीवर थापीची काळसर रेघ किंवा पायरीवर बारीक जाळीसारखे तडे दिसतात. मग गवंड्याला फोन जातो आणि गवंडी ॲसिडचा कॅन घेऊन येतो. नाशिक परिसरातील बंगल्यांच्या आणि फार्महाउसच्या तलावांवर देखरेख करताना हा क्रम मी अनेकदा पाहिला आहे, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की नव्या गिलाव्याचे खरे नुकसान मूळ दोषापेक्षा या घाईच्या उपायानेच अधिक होते. म्हणून पहिले २८ दिवस दोष पाहावा, नोंदवावा आणि ओळखावा. काढण्याचा प्रयत्न त्यानंतर करावा.

या सबुरीमागे कारण आहे. तलावाचा गिलावा पांढरे सिमेंट आणि संगमरवराची पूड किंवा बारीक चुरा यांचा असतो आणि त्याची जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटरच असते. पाणी भरल्यानंतरही सिमेंटची पाण्याशी होणारी प्रक्रिया पाण्याखाली चालूच राहते, तिच्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड बाहेर पडत राहते, पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारे माप) चढतो आणि पृष्ठभागावर पांढरी भुकटी साचते. या काळात रंग एकसारखा नसणे स्वाभाविक आहे. कोपऱ्यातील गिलावा ओला राहतो, उन्हातील भिंत लवकर सुकते, एका गवंड्याचा हात जड असतो, दुसऱ्याचा हलका. हे सारे फरक पहिल्या काही आठवड्यांत ठळक दिसतात आणि त्यांतील बरेच पुढे आपोआप फिके होतात.

पाहणीची पद्धत

सकाळी नऊच्या सुमारास, पाणी स्थिर असताना, तलावाचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि प्रत्येक संशयित जागेजवळ फूटपट्टी धरून एक जवळचा फोटो घ्यावा. एका वहीत तारीख, पीएच, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांचे प्रमाण) आणि जागेचे वर्णन लिहावे. त्यानंतर हाताने तपासणी करावी. अंगठा जोरात घासल्यावर बोट पांढरे होत असेल, तर ती केवळ भुकटी आहे. नख फिरवल्यावर अडकत नसेल, तर तडा वरवरचा आहे. पायरीवर आणि उथळ भागात दहा रुपयांच्या नाण्याने किंवा लाकडी मुठीने हलके ठोकावे. घट्ट गिलावा टणक आवाज देतो, सुटलेला गिलावा मडक्यासारखा पोकळ वाजतो, आणि हा फरक एकदा कानात बसला की विसरत नाही.

तड्यांसाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे साधी शिसपेन्सिल, कारण तिची खूण पाण्याखालीही टिकते. तड्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारावी, शेजारी तारीख लिहावी आणि दोन आठवड्यांनी पाहावे. तडा रेघ ओलांडून पुढे गेला असेल, नख अडकत असेल, किंवा तो भिंतीवरून तळापर्यंत सलग उतरत असेल, तर तो शोभेचा प्रश्न राहत नाही. तिथे गिलाव्याच्या आतील काँक्रीट तपासण्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. काळ्या मातीच्या जमिनीवर, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, ही तपासणी विशेष गंभीरपणे घ्यावी. गळतीची शंका असल्यास पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी, बादलीतील आणि तलावातील पातळीवर एकाच वेळी खूण करावी आणि २४ तासांनी दोन्हींतील घट ताडून पाहावी. बाष्पीभवन दोन्हीकडे सारखेच होते, त्यामुळे तलावाची पातळी जास्त उतरली असेल तर पाणी अन्यत्र जात आहे.

कोणता दोष कशाचा

केसासारख्या बारीक तड्यांची जाळी वरचा थर खालच्या थराआधी सुकल्यामुळे पडते. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत, कोरडा वारा असताना, दुपारी घोटलेल्या गिलाव्यावर ती हमखास दिसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील कामात कमी दिसते. अशी जाळी पाण्याखाली सहसा त्रास देत नाही आणि तिच्यावर पुट्टी भरू नये, कारण भरलेली रेघ मूळ तड्यापेक्षा अधिक उठून दिसते.

ढगांसारखे करडे किंवा पांढरे पट्टे ओलाव्याच्या फरकामुळे पडतात, किंवा लवकर सेट व्हावे म्हणून मिश्रणात घातलेल्या कॅल्शियम क्लोराइडमुळे. हे रसायन सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त घालू नये आणि रंगीत गिलाव्यात तर घालूच नये. असा पट्टा गिलाव्याच्या जाडीतच असतो, त्यामुळे ॲसिडने तो धुऊन निघत नाही. थापीची काळसर खूण मात्र वरवरची असते; गिलावा कडक झाल्यावरही पोलादी थापी दाबून फिरवली की ती उमटते.

आडवी, सरळ, सगळ्या भिंतींवर एकाच उंचीला असलेली रेघ दिसली, तर पाणी भरताना खंड पडला असे समजावे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ साडेचार टँकर. दुसरा टँकर सकाळी रिकामा झाला आणि तिसरा संध्याकाळी आला, की मधल्या वेळेची रेघ भिंतीवर कायमची उमटू शकते. त्यामुळे सगळे टँकर आधीच ठरवून ओळीने रिकामे करावेत, पाइपच्या तोंडाला गोणपाट बांधून ते तळातील सर्वांत खोल जागी ठेवावे आणि पाणी काठापर्यंत येईपर्यंत भरणे थांबवू नये.

डागांचा प्रश्न वेगळा आहे. एकच लहान तपकिरी ठिपका आणि त्याखाली ओघळ असेल, तर आत बाइंडिंग वायरचे (सळया बांधायच्या तारेचे) टोक किंवा पडलेला खिळा आहे. सगळीकडे पसरलेली पिवळसर छटा असेल, तर लोह बहुधा बोअरच्या पाण्यातून आले आहे. मेडिकलच्या दुकानातून व्हिटॅमिन सीची साधी गोळी आणावी आणि ती डागावर अर्धा मिनिट दाबून धरावी. तिच्याखालची जागा उजळली, तर डाग लोहाचा आहे. पानाच्या आकाराचा तपकिरी ठसा उंबर, आंबा किंवा गुलमोहराच्या कुजलेल्या पानांचा असतो आणि योग्य क्लोरीन राखल्यावर काही दिवसांत फिका होतो.

निळसर-हिरवा डाग तांब्याचा. आपल्या द्राक्षपट्ट्यात मोरचूद जवळजवळ प्रत्येक शेतघरात असते, आणि शेवाळ दिसले की बागेत फवारायचे मोरचूद तलावात टाकण्याची सवय मला अनेक ठिकाणी आढळली आहे. नव्या, अजून सच्छिद्र असलेल्या पांढऱ्या गिलाव्यात ते तांबे मुरते. नव्या तलावात मोरचूद कृपया टाकू नये. डाग पडलाच असेल, तर मूठभर लिंबूसत्त्व जुन्या मोज्यात भरून तो मोजा डागावर काही मिनिटे ठेवून पाहावा आणि छटा हलते का, हे बघूनच पुढचे ठरवावे.

शेवटी पांढऱ्या, टणक गाठी. गिलावा आतून सुटलेला असेल, तर त्या पोकळीत शिरलेले पाणी कॅल्शियम हायड्रॉक्साइड घेऊन एखाद्या सूक्ष्म छिद्रातून बाहेर येते आणि तिथे त्याचा कार्बोनेट होऊन गाठ बनते. गाठ खरवडल्यावर खाली छिद्र दिसते आणि आसपास पोकळ आवाज येतो. पृष्ठभाग सर्वत्र सारखाच खरखरीत असेल, तर मात्र तो क्षारांचा थर आहे आणि त्याचे मूळ पाण्याच्या रसायनात शोधावे.

पहिला महिना

पहिले १४ दिवस दिवसातून दोनदा आणि पुढचे १४ दिवस दिवसातून एकदा सगळा पृष्ठभाग नायलॉनच्या ब्रशने घासावा. तारेचा ब्रश अजिबात वापरू नये, कारण त्याचे तुटलेले तुकडे गंजून नवे डाग पाडतात. पहिले तीन दिवस पंप सतत चालू ठेवावा, पहिले ४८ तास क्लोरीन घालू नये, आणि मिठावर चालणारे क्लोरीन यंत्र असेल तर २८ दिवस मीठ टाकू नये. चाकांचा क्लीनरही तोवर बाहेरच ठेवावा. पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्यातील कॅल्शियमचे प्रमाण, २०० ते ४०० पीपीएम या मर्यादेत राहील असे पाहावे.

पाण्याचा स्रोत इथे महत्त्वाचा ठरतो. बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे क्षार बसण्याची भीती; धरणातून येणारे नळाचे पाणी त्यापेक्षा मऊ, त्यामुळे ते कॅल्शियमची भूक गिलाव्यावर भागवते आणि पृष्ठभाग खाल्ल्यासारखा होतो. पाणी भरण्याआधी एक लिटरचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्यास पुढचा अंदाज बांधता येतो. ४५ हजार लिटरच्या तलावात १ लिटर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड अल्कलिनिटी सुमारे ११ पीपीएमने उतरवते. म्हणून अर्धा-अर्धा लिटरच घालावे. बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात ॲसिड ओतावे, कधीही उलट करू नये. ॲसिड आणि क्लोरीन एकाच बादलीत, एकाच मापात किंवा एकाच वेळी वापरू नयेत, कारण त्यातून विषारी वायू निघतो. दाणेदार टीसीसीए (क्लोरीन देणारे रसायन) पूर्ण विरघळवूनच घालावे. न विरघळलेला दाणा नव्या गिलाव्यावर बसला की तिथे फिकट, खरखरीत ठिपका राहतो.

महिन्यानंतरही दोष उरला तर

थापीच्या खुणा, बसलेली पातळ क्षाररेषा आणि लहान गाठी यांसाठी ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याखाली हलक्या हाताने फिरवणे पुरेसे ठरते. आधी कोपऱ्यातील तळहाताएवढ्या जागेवर प्रयोग करावा. लोहाचा पसरलेला डाग काढताना क्लोरीन जवळजवळ शून्यावर आणून मग ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे व्हिटॅमिन सी) वापरतात, कारण क्लोरीन असेल तर ते वाया जाते. त्यानंतर धातू बांधून ठेवणारे रसायन घातले नाही, तर डाग परत येतो. वायरचा डाग कोणत्याही रसायनाने कायमचा जात नाही. तिथे गिलावा चौकोनी कापून, वायर खोलवर छाटून, ठिगळ लावावे लागते. ठिगळाचा रंग मूळ गिलाव्याशी तंतोतंत जुळत नाही, हे मालकाला आधीच सांगावे. म्हणूनच कामाच्या वेळी त्याच लॉटचे एक पोते सिमेंट आणि संगमरवराची पूड कोरड्या जागी राखून ठेवण्याचा मी आग्रह धरतो.

ॲसिड वॉश सर्वांत शेवटचा उपाय आहे. नाशिकमधील आनंदवलीच्या पुढे एका तलावावर, चौथ्या आठवड्यात, करड्या ढगांची तक्रार आल्यावर मी ॲसिड वॉशला परवानगी दिली. कामगाराने न पातळ केलेले ॲसिड काठावरून ओतले आणि ते जिथून ओघळले तिथे भिंतीवर खडबडीत, बोटाच्या रुंदीच्या धारा कोरल्या गेल्या. ढग होते तसेच राहिले आणि त्यांत धारांची भर पडली. त्या भिंतीवरून हात फिरवताना संगमरवराचे कण उघडे पडलेले जाणवत होते. ती परवानगी देणे ही माझी चूक होती, आणि तेव्हापासून ॲसिड वॉश करायचाच असेल तर मी स्वतः हजर राहतो: पातळ केलेले द्रावण, आधी भिजवलेली भिंत, खालून वर लहान पट्ट्यांत काम, अर्ध्या मिनिटात भरपूर पाण्याने धुणे, आणि तळाशी साचलेले पाणी धुण्याच्या सोड्याने उदासीन केल्याशिवाय बाहेर न सोडणे. हे पाणी नाल्यात किंवा द्राक्षबागेच्या चरात जाऊ देणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

कंत्राटदाराशी बोलताना फोटो, वही आणि पेन्सिलीच्या खुणा समोर ठेवाव्यात. रंगातील फरकासाठी संपूर्ण गिलावा पाडण्याची मागणी करणे रास्त नाही. पोकळ वाजणारा गिलावा, वायरचे डाग आणि परत येणाऱ्या गाठी यांची दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करून देणे रास्त आहे. अंतिम हप्त्याचा काही भाग २८ दिवसांच्या पाहणीनंतर द्यायचा, हे काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवावे.

दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करावा लागणार असेल, तर जून ते ऑक्टोबर या काळात तो रिकामा करू नये, कारण जमिनीतील वाढलेले पाणी रिकाम्या तलावाला खालून उचलू शकते. जूनमध्ये लक्षात आलेले ठिगळाचे काम दिवाळीनंतर, विहिरींची पातळी उतरू लागल्यावर घ्यावे, आणि तोवर दर पंधरा दिवसांनी त्याच पेन्सिलीच्या खुणांपाशी फूटपट्टी धरून नवा फोटो काढत राहावे.