तापकीर गल्लीत जाण्याआधीचे पंधरा दिवस

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा ग्रुप ठरला की पहिल्याच शनिवारी सगळे इलेक्ट्रॉनिक्सचं सामान घ्यायला पुण्याच्या बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठतात. आम्हीही गाठली. धायरीतल्या आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर लागतो, म्हणून जमिनीखालच्या टाकीतली पाणीपातळी मोबाइलवर दाखवायची, एवढंच ठरलं होतं. झाकणाला लावून आवाजाच्या लहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर आणला, वायफायचा बोर्ड आणला आणि दोन महिने कोड लिहिला. बादलीवर सगळं छान चाललं.

टाकीवर मात्र पाणी वर आलं की आकडे भरकटायचे. या सेन्सरला साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजता येत नाही. आमच्या टाकीत पाणी झाकणाखाली जेमतेम वीतभर उरेपर्यंत चढतं. वॉचमनकाका रोज बांबू टाकून पाणी बघतात. त्या बांबूवर खिळ्याने कोरलेल्या खुणा आहेत. सगळ्यात वरची खूण म्हणजे भरलेली टाकी. ती खूण आम्ही जुलैतच बघायला हवी होती. शेवटी झाकणाला भोक पाडून, वर फूटभर अँगल उभारून सेन्सर त्यावर चढवला. वायफाय खाली पोचतच नव्हतं, तो वेगळाच ताप.

म्हणून ज्युनिअर मुलं विचारायला आली की मी कळकळीने सांगतो, पहिले पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नका. जिथे वस्तू बसणार तिथे जा, ती रोज हाताळणाऱ्या माणसाशी बोला. मग प्रत्येकाने एकमेकांना न विचारता कागदावर लिहायचं: प्रोजेक्ट पूर्ण झाला म्हणजे नेमकं काय झालं? आमच्यात एकाला फक्त आकडा दिसला तरी चालणार होतं, दुसऱ्याच्या डोक्यात मोटर आपोआप बंद होणं होतं. हे नोव्हेंबरमध्ये कळलं, आणि चांगली मैत्री महिनाभर अबोल्यात गेली.

तारखाही आधीच मांडा. आमच्यातला एक ढोल-ताशा पथकात होता. गणपतीआधी त्याची रोज संध्याकाळी प्रॅक्टिस असायची, आणि सर्किट त्याच्याकडेच होतं. त्याचा काही दोष नव्हता, आम्ही विचारलंच नव्हतं.

परवा एक ग्रुप घरी आला. कागदावर टाकीची लांबी, रुंदी, खोली, टँकर येण्याआधीचं पाणी, वायफाय कुठवर येतं, सगळं होतं. सामानाची यादी तेवढी कोरी होती. म्हटलं, बसा, आता यादी करू.