'अभ्यासात लक्ष नाही' : डिस्लेक्सिया की एडीएचडी, हे घरी कसे पडताळावे

'अभ्यासात लक्ष नाही' हा शेरा दोन अगदी निराळ्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात सापडतो. एकाचे लक्ष असते, पण ते अक्षरे जुळवण्यातच खर्ची पडते; ही डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण. दुसऱ्याला अक्षरे नीट येतात, पण मन ओळीच्या शेवटापर्यंत टिकत नाही; ही एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची व अतिचंचलतेची अडचण. निदान करणे हे पालकांचे काम नव्हे. मात्र पुढील पद्धतीने नोंदी ठेवल्यास तज्ज्ञांचे काम बरेच सोपे होते. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत.

प्रथम मुलाच्या इयत्तेचे, पण वर्गात न झालेले दोन उतारे निवडावेत. एक मुलाला मोठ्याने वाचायला सांगावा, दुसरा आपण वाचून दाखवावा आणि दोन्हींवर सोपे प्रश्न विचारावेत. ऐकलेल्या उताऱ्याची उत्तरे पटापट येत असतील आणि वाचलेल्याची अडत असतील, तर डिस्लेक्सियाची शंका घ्यावी. ऐकतानाही धागा सुटत असेल, तर अडचण अक्षरांपलीकडची असू शकते.

मग चुका कोठे होतात ते पाहावे, कारण देवनागरीत त्या बोलक्या असतात. 'किनारा' मधली वेलांटी 'क'च्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. 'सूर्य' मधला रफार 'य'वर बसतो, पण उच्चार 'य'च्या आधी होतो. डिस्लेक्सिया असलेले मूल अशा जागी, झोप पुरेशी झालेली असतानाही, पुन्हा पुन्हा अडखळते. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणारे व शब्द पाहताक्षणी ओळखणारे मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या मागील बाजूचे भाग वाचताना तुलनेने कमी सक्रिय होतात. त्यामुळे प्रत्येक शब्द नव्याने जुळवावा लागतो आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. एडीएचडीमधले मूल तोच शब्द आज बरोबर वाचते, उद्या चुकवते, मधलीच ओळ गाळते.

एडीएचडीत काय धरून ठेवायचे आणि कशाला आवर घालायचा, हे ठरवणारी मेंदूच्या पुढच्या भागापासून आत खोलवर जाणारी चेतातंतूंची जाळी आणि त्यांतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायने यांचा संबंध येतो. खेळात बक्षीस लगेच मिळते, म्हणून असे मूल मोबाईलवर तासभर रमू शकते. 'मग पुस्तकातच लक्ष कसे लागत नाही?' हा घरोघरचा प्रश्न त्यामुळे अन्यायाचा ठरतो.

त्यानंतर पुस्तकाबाहेर नजर टाकावी. निदानाच्या प्रचलित निकषांनुसार एडीएचडीची लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. जेवताना, खेळाच्या मैदानावर, रांगेत काय होते, तेही लिहावे. गप्प बसून आपल्याच विचारांत हरवणाऱ्या मुली मात्र येथे हमखास नजरेतून सुटतात.

दोन्ही अडचणी एकत्र असणे दुर्मीळ नाही. औषधाने एडीएचडीतील लक्ष सुधारते, पण औषध अक्षर-ध्वनीची सांगड शिकवत नाही. त्यासाठी पायरीपायरीने उपचारात्मक अध्यापनच लागते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे, म्हणून मूल मराठी माध्यमात असेल तर केवळ इंग्रजी चाचणीवर समाधान मानू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो) स्पष्ट उल्लेख असल्याने दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची चौकशी वेळीच करावी. तपासणीला जाताना मुलाच्या खाडाखोड झालेल्या मूळ वह्याच न्याव्यात, घरी पुन्हा लिहून घेतलेल्या नव्हेत.