तळं, ओढा साफ करायला निघालात? आधी या चुका टाळा

साफसफाई म्हटली की लोक सगळ्यात आधी दगडांवरचा बुळबुळीत थर घासून काढतात, आणि ते बघून माझा जीव तुटतो, कारण पाणी साफ करणारी मंडळी तिथंच राहत असतात. ओढ्यातला एक दगड उचलून बघा. वर बोटाला चिकटणारा तपकिरी-हिरवट थर, आणि दगड उलटा केला की मेफ्लाय नावाच्या कीटकाची चपटी पिल्लं सरसर पळतायत. त्या थरात बॅक्टेरिया, बुरशी, शेवाळ सगळं एकत्र नांदतं आणि वाहून आलेली घाण खातं. त्यातलेच काही बॅक्टेरिया विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पुढे गाळात जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथले दुसरे बॅक्टेरिया त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. म्हणून गाळ पण एका झटक्यात तळापर्यंत खरवडू नका, थोडा थोडा काढा, काठचं पाणकणीसही सगळं उपटू नका.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे पाणी हिरवं झालं की औषध टाकून सगळं शेवाळ एकदम मारणं. मेलेलं शेवाळ कुजतं, कुजवणारे बॅक्टेरिया ऑक्सिजन ओढून घेतात आणि मासे तडफडायला लागतात. उन्हाळ्यात तर विचारूच नका, २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर समजून जा ऑक्सिजन संपत आलाय, कारण रात्री झाडं-शेवाळपण तो वापरतातच. अशावेळी खाणं टाकणं लगेच बंद, पंप किंवा कारंजं लावून पाणी ढवळतं ठेवा, आणि वरून कसलंही औषध नको.

"मासे सोडले की पाणी साफ होतं" हे पण सरसकट खरं नाही. बारीक मासे डॅफ्निया खाऊन टाकतात, आणि तरंगतं हिरवं शेवाळ गाळून खाणारे तर हेच टाचणीच्या टोकाएवढे जीव. काचेच्या बरणीत हिरवं पाणी घेऊन त्यात भरपूर डॅफ्निया सोडा, काही दिवसांत पाणी निवळताना दिसेल. अमेरिकेत सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टन तलावात जाणारं सांडपाणी १९६८ पर्यंत पूर्ण वळवलं तेव्हा पाणी सुधारलं, पण १९७६ ला डॅफ्निया वाढले तेव्हा ते आणखी नितळ झालं. क्रम लक्षात घ्या, आधी सांडपाणी थांबवलं.

जलपर्णी काढलीत तर काठावर ढीग लावून जाऊ नका, कुजली की तिनं शोषलेलं सगळं पावसात परत तळ्यात.

आणि नदी वाहती आहे म्हणजे आपोआप साफ होते असं धरून चालू नका. होते, पण तिला अंतर आणि वेळ लागतो. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी १९२५ मध्येच याचं गणित मांडलं होतं, सांडपाणी मिसळतं तिथं नाही तर बरंच खाली गेल्यावर ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो आणि मग हळूहळू सावरतो, त्यामुळे सावरायच्या आतच दुसरा नाला मिळाला तर नदीला उसंतच मिळत नाही. शिसं, पारा तर बॅक्टेरिया खाऊन संपवूच शकत नाहीत, ते गाळात आणि शिंपल्यांच्या अंगात साठत जातं. नितळ दिसलं तरी पाणी थेट पिऊ नका, उकळून जंतू मरतात पण धातू जात नाहीत, तिथं लॅबमधूनच तपासून घ्यावं लागतं.