थीम बदलण्याआधी आणि बदलल्यावर

वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत थीम, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणारा फायलींचा संच, बदलली म्हणून लेख पुसले जात नाहीत, कारण ते डेटाबेसमध्ये असतात. मात्र जुन्या थीमच्या फायलींत हाताने केलेले बदल नव्या थीमबरोबर येत नाहीत. म्हणून आधी डेटाबेस आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ (थीम, प्लगइन आणि चित्रे असलेले) फोल्डर या दोन्हींचा बॅकअप स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावा. ‘ॲडिशनल सीएसएस’मधला, म्हणजे रूप बदलण्यासाठी स्वतः लिहिलेल्या नियमांचा, मजकूरही वेगळा जपावा, आणि हेडरमध्ये चिकटवलेला ॲनालिटिक्सचा (वाचकांच्या भेटी मोजणारा) कोड तर अवश्य, कारण नेमका तोच विसरला जातो.

नवी थीम शक्यतो स्टेजिंग प्रतीवर (संकेतस्थळाच्या चाचणीसाठीच्या नकलेवर) आणि मोबाइलवरही तपासावी. मराठी मजकुराची खरी परीक्षा इथेच होते: इंग्रजी शीर्षकांना शोभणारे लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधले जादा अंतर, देवनागरीची शिरोरेषा तोडते, आणि ओळींमधले अंतर कमी असेल तर ‘मूर्तींना’ या शब्दातले रफार, वेलांटी आणि अनुस्वार वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन भिडतात. लेटर-स्पेसिंग शून्य करावे आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षरांच्या आकाराच्या १.७ पटीच्या आसपास ठेवावी. थीमचा डेमो (नमुना) कितीही देखणा असला तरी त्यावर भाळू नये.

थीम सुरू केल्यावर मेनू आणि विजेट पुन्हा जागेवर लावून कॅशे (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करावी. पडदा पांढराच राहिला, तर एफटीपीने (सर्व्हरवरच्या फायली हाताळण्याच्या पद्धतीने) नव्या थीमच्या फोल्डरचे नाव बदलावे आणि ॲडमिनमधले ‘थीम्स’ पान उघडावे, म्हणजे वर्डप्रेस स्वतःसोबत येणाऱ्या डिफॉल्ट थीमवर परतते, अर्थात ती काढून टाकलेली नसेल तर.