पिनवर्म: ओळखावे कसे आणि घरातून घालवावे कसे

मूल झोपेत सारखी कूस बदलते, हात मागे नेऊन गुदद्वारापाशी खाजवते आणि सकाळी विचारले तर त्याला त्यातले काही आठवत नाही, असे दोन-तीन रात्री लागोपाठ दिसले तर पहिला संशय पिनवर्मचा घ्यावा. हे जंत पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखे बारीक असतात आणि माणसाच्या मोठ्या आतड्यात राहतात. मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब असते, तर नर ५ मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. शाळकरी वयाच्या मुलांत हा संसर्ग सर्वाधिक आढळतो. मात्र घरात एकाला झाला की मोठी माणसेही त्यातून सुटतातच असे नाही.

खाज रात्रीच का सुटते, हे समजले की पुढचे सारे उपाय आपोआप उलगडतात. अंडी घालण्याची वेळ आली की मादी मूल झोपेत असताना गुदद्वारातून बाहेर येते आणि भोवतालच्या त्वचेच्या घड्यांत चिकट द्रवासह दहा हजारांहून अधिक अंडी घालते. ही अंडी अवघ्या ४ ते ६ तासांत संसर्ग करण्याजोगी होतात. मूल खाजवते, अंडी नखांखाली अडकतात, सकाळी तेच बोट तोंडात जाते आणि जंतांची पुढची पिढी आतड्यात पोचते. गिळलेल्या अंड्यापासून नवी मादी तयार होऊन तिने अंडी घालेपर्यंत साधारण एक महिना जातो.

म्हणून सुरुवात निरीक्षणापासून करावी. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चच्या उजेडात गुदद्वाराभोवतीची त्वचा पाहिली, तर वळवळणारा जंत कित्येकदा डोळ्यांनाच दिसतो.

तो दिसला नाही तर चिकटपट्टीची चाचणी करावी. सकाळी मूल उठल्याबरोबर, शौचाला किंवा अंघोळीला जाण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर हलकेच दाबावी, उचलून काचपट्टीवर सपाट चिकटवावी आणि प्रयोगशाळेत द्यावी. पट्टी स्वच्छ पारदर्शक हवी. धुरकट पट्टीतून सूक्ष्मदर्शकाखाली अंडी नीट दिसत नाहीत. एका सकाळच्या चाचणीत निम्म्याच्या आसपास रुग्ण निसटू शकतात, म्हणून ती लागोपाठ तीन सकाळी करावी. मग बहुतेक रुग्ण सापडतात. अनेक पालक शौचाची तपासणी करून घेतात आणि अहवालात काही नाही म्हणून निर्धास्त होतात. अंडी आतड्यात नव्हे, तर बाहेर त्वचेवर घातली जात असल्यामुळे त्या तपासणीत ती बहुधा सापडतच नाहीत.

निदान झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल किंवा पायरँटेल यांपैकी एक औषध सहसा दिले जाते. दोन वर्षांखालील मूल आणि गर्भवती स्त्री यांच्याबाबतीत स्वतःच्या मनाने काहीही देऊ नये. ही औषधे जंत मारतात. अंड्यांवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. पहिल्या मात्रेनंतर उरलेल्या अंड्यांतून जे जंत वाढतात, त्यांच्यासाठी दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा असते. खाज थांबली की नेमकी हीच मात्रा विसरली जाते, आणि माझ्या मते उपचार फसण्याचे सर्वांत साधे कारण तेच आहे; पहिली मात्रा दिली त्याच दिवशी दुसरीची तारीख लिहून ठेवावी. डॉक्टर बहुधा घरातील सर्वांना एकाच दिवशी औषध घ्यायला सांगतात, ते त्रास नसलेल्यांनीही टाळू नये, कारण बऱ्याच जणांना संसर्ग असूनही काहीच जाणवत नाही.

औषधाइतकेच महत्त्व सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासाला आहे. मुलाला उठल्यावर लगेच अंघोळ घालावी, म्हणजे रात्रीत घातलेली अंडी धुतली जातात. टबात बसवण्यापेक्षा अंगावरून पाणी घेणे चांगले. आतले कपडे रोज बदलावेत. अंथरूण झटकू नये, झटकल्याने अंडी हवेत उडतात. चादर अलगद गुंडाळून थेट गरम पाण्यात टाकावी. नखे कापलेली ठेवावीत आणि शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुताना नखांखालचा भागही घासावा. दमट जागी अंडी दोन-तीन आठवडे तग धरतात, त्यामुळे हा क्रम दुसऱ्या मात्रेनंतरही काही दिवस चालू ठेवावा. सारे घर जंतुनाशकाने घासून काढण्याची मात्र गरज नसते. पाळीव कुत्र्या-मांजरालाही दोष देऊ नये. हा जंत त्यांच्याकडून येत नाही. गोड खाल्ल्याने जंत होतात, हाही निव्वळ समज आहे.

आरोग्यावर होणारा परिणाम बहुधा सौम्य असतो, पण तो क्षुल्लक मानू नये. रोज रात्री झोप मोडलेले मूल दिवसा चिडचिडे होते आणि त्याचे लक्ष लागत नाही, आणि त्याचा संबंध जंतांशी जोडणे कोणाला सुचतही नाही. खाजवून त्वचा सोलली गेली की तिथे जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. मुलींमध्ये जंत पुढे सरकून योनिमार्गाजवळ पोचतात आणि तिथे आग, खाज किंवा स्राव सुरू होतो. अशी तक्रार वरचेवर येत असेल तर डॉक्टरांना रात्रीच्या खाजेबद्दल आवर्जून सांगावे.

दुसऱ्या मात्रेनंतर काही आठवड्यांनी खाज परतली, तर औषध निकामी ठरले असे लगेच समजू नये. बहुतेकदा तो घरातून किंवा शाळेतून झालेला नवा संसर्ग असतो. पुन्हा चिकटपट्टीची चाचणी करावी आणि तिच्या निकालासह डॉक्टरांकडे जावे. पोटात तीव्र दुखणे, ताप किंवा शौचातून रक्त जाणे यांपैकी काही असेल, तर चाचणीच्या निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.