मार्बल मनीप्लांट हिरवा पडायला लागला तर काय करायचं (ग्वाल्हेरच्या हवेत)

नर्सरीतून पांढऱ्या छटेचा मार्बल मनीप्लांट मोठ्या हौसेने आणायचा आणि सहा महिन्यांत तो साधा हिरवा होऊन बसतो, मग कोणीतरी सांगतं खत घाला. खताने पांढरा रंग परत येत नाही हो! पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं म्हणजे तो भाग अन्न बनवतच नाही, सगळा संसार हिरव्या भागावर चालतो, आणि कोपऱ्यात अंधारात ठेवलं की झाड जगायला म्हणून हिरवी पानं काढायला लागतं. त्यामुळे पहिली गोष्ट उजेड.

पण उजेड म्हणजे ऊन नाही. हे झाड मूळचं पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावरचं, दमट हवेचं, आणि आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्री आणि वर लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा. पांढरा भाग सगळ्यात आधी करपतो, कागदासारखा तपकिरी. मी पूर्वेच्या खिडकीत ठेवते, सकाळचं कोवळं ऊन चालतं, एप्रिल लागला की खिडकीपासून तीन-चार फूट आत सरकवते. कूलरच्या खोलीत दमटपणा मिळतो ते बरंच, फक्त थेट झोतात नको.

आता कात्री. एखादी वेल पूर्ण हिरवी निघाली तर तिला ठेवू नका, ती जोरात वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते. मागे जात जात शेवटचं छान चट्टेपट्टे असलेलं पान शोधा आणि त्याच्या पेऱ्याच्या (खोडावर पान फुटतं ती गाठ) जरा पुढे कापा. देठावर आणि खोडावरही पांढरी रेघ दिसते का बघा, ती असेल तर नवा फुटवा बहुतेक तसाच येतो. उलट अगदी पांढरीफटक पानं येत असली तर तेही कापा, दिसतात सुंदर पण झाडाला पोसवत नाहीत.

पाणी? बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच. माझं पहिलं झाड मीच मारलं, रोज सकाळी चहाबरोबर त्यालाही पाणी, मुळं सडून काळी. उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी बघा, थंडीत दहा-बारा दिवस सुद्धा चालतं. जानेवारीत रात्री पारा 4-5 वर येतो तेव्हा कुंडी बाल्कनीत विसरू नका, पानं काळी पडतात. मातीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडी वाळू, मूठभर गांडूळखत, कुंडीला खाली भोक हवंच.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर उंचावर टांगा, चावलं तर तोंडाची आग होते, रसात ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात.

कापलेल्या काड्या फेकू नका, निदान एक पेर पाण्यात बुडेल अशा बाटलीत ठेवा, पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. मनीप्लांट चोरून लावला तरच लाभतो असं म्हणतात ना, म्हणून शेजारच्या काकूंना हवा असला की मी बाटली जिन्यात ठेवते आणि आत जाऊन दार लावून घेते.